बारावी खुर्ची

११ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

उद्यापासून लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस. म्हणून आज चर्चच्या तळघरात आमच्या सेंट ओस्वाल्डच्या मंडळींनी पॅनकेक असे हाणले की उद्यापासून दुष्काळच पडणार आहे. दुष्काळ कसला पडतोय! कुणी चॉकलेट सोडतं, कुणी संध्याकाळचा पेला सोडतं, आणि तिसऱ्या दिवशी दोघंही हळूच पुन्हा धरतात. मी पाच खाल्ले, मेपलच्या पाकात बुडवून. डॉक्टर म्हणतात, माझ्या रक्तात साखर आहे. म्हटलं, स्वभावात नाही, तर निदान तिथे तरी असू दे.

तव्यापाशी एल्डन लिबी होता. हा आमचा थोरला विश्वस्त. वर्षभर समुद्रात शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडतो आणि वर्षातून एकदा पॅनकेक करपवतो. समोरच्या टेबलावर गसी थर्लो बसली होती. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलून सहा वर्षं झाली. या गावात इतक्या नेमानं दुसरी कुठलीच गोष्ट चालत नाही.

मी या लेंटमध्ये गसीबद्दल वाईट बोलणं सोडणार आहे. लिहिण्याबद्दल काही ठरवलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादर अँबलरांचा अंगठा म्हणजे फावडं आहे. कपाळावर राखेचा क्रूस काढायचा तर त्यांनी माझ्या भुवयाही भरल्या. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील,’ असं म्हणताना हा माणूस हसतो. वय चौतीस. मागच्या उन्हाळ्यात आला, तेव्हापासून आम्हाला उजेडात आणायचा त्यानं विडा उचललाय.

उपासनेनंतर त्यांनी जाहीर केलं, की यंदा पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होईल. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. बारा खुर्च्या मांडायच्या. फादर पहिल्याचे पाय धुतील, पहिला दुसऱ्याचे, दुसरा तिसऱ्याचे, असं बाराव्यापर्यंत. नव्या प्रार्थनापुस्तकात हे सगळं छापलेलं आहे म्हणे. असेल. त्या पुस्तकाला सात वर्षं झाली, पण ते पान आमच्याकडे अजून चिकटलेलंच होतं.

सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आमची माणसं परदेशातल्या कुष्ठरोग्यांसाठी ब्लँकेटं विणतील, पण चारचौघांत मोजा काढणार नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

दारापाशी नावं लिहायला कागद लावला आहे. त्यावर एकच नाव आहे आणि तेही फादरच्या बायकोचं. आमच्या पंथात फादरना बायको चालते, त्याचा एवढा एक फायदा.

मी एकतीस वर्षं वेदी-मंडळाची प्रमुख आहे. टपाल कचेरीतून निवृत्त झाले, इथून नाही. प्याले घासणं, मेणबत्त्यांच्या वाती कापणं, सणाप्रमाणे वेदीवरचं वस्त्र बदलणं, हे सगळं माझ्याकडे. सध्या जांभळं आहे. लेंटला जांभळं, यावर अजून तरी कुणी शंका काढलेली नाही.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांना, आगमनकाळालाही, जांभळंच असतं. माझ्या आईच्या वेळी होतं, तिच्या आईच्या वेळी होतं. सहा वर्षांपूर्वी गसीला साक्षात्कार झाला, की आगमनकाळाला निळं हवं. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये पाहून आली होती. कुणाला न विचारता तिनं पूर्ण वेदीचं वस्त्र निळं शिवलं आणि शनिवारी घालून मोकळी झाली. जाडजूड कापड, सुटाचं असावं तसं. रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी मी ते उतरवलं आणि जांभळं घातलं. निळं फुकट कशाला घालवा, म्हणून तळघरात कॉफीच्या टेबलावर अंथरलं.

बस्स, एवढंच केलं. गसीनं ते कॉफीच्या डागांसकट घडी करून घरी नेलं आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. अगोदर चाळीस वर्षं आम्ही रोज बोलायचो. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा नवरा वॉरन गेला होता, म्हणून लोक म्हणाले, जरा समजून घे. वॉरनचा आणि वेदीच्या रंगाचा काय संबंध, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

२ मार्च, रविवार

गेल्या महिन्यात मेणबत्त्यांच्या सणाला घेतलेले काळे बूट उजव्या पायाला चावलेत. अंगठ्याखाली घट्ट्यावर पट्टी लावली. दुखत मात्र मुळीच नाही, तेव्हा काळजी नको. बूट बदलणार नाही. जुने कुरकुरतात, आणि वेदीपाशी कुरकुर करायचा हक्क फक्त माझा आहे.

आज प्रसाद घेताना कठड्यापाशी गसी माझ्या शेजारी गुडघे टेकून होती. तिथे जागा निवडता येत नाही. प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून ती वळून माझ्या बुटांकडे बघत होती. नवे आहेत. जळत असेल.

९ मार्च, गुलाबी रविवार

लेंटमध्ये हा एकच दिवस गुलाबी. फादर त्या झग्यात फ्लूवरच्या औषधासारखे दिसतात. मी तसं म्हटलं नाही. ‘ताजेतवाने दिसता’ म्हटलं.

वेदीमागच्या खोलीत घाण वास येतोय. सगळ्या फुलदाण्या काढल्या, सोड्यानं घासल्या. वास तसाच. गोड, कुजकट. उंदीर मेला असणार. एल्डनला बोलावून कपाटामागे बघायला लावलं.

“इथे काही नाही गं, ड्रुसिला,” तो म्हणाला. कपाटाच्या मागून डोकं काढून त्यानं नाक वर केलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातलं. “मघाशी आलो तेव्हा तर वास नव्हता.”

“म्हणजे मी तो पिशवीतून आणला?”

“मी असं कुठं म्हटलं?”

पुरुषांना नाक असतं ते फक्त चष्मा ठेवायला.

१४ मार्च, शुक्रवार

वास आता घरीही येतोय. त्या खोलीत तासन् तास उभी असते, कोटात मुरला असणार. कोट बाहेर दोरीवर टाकला.

तहान फार लागते हल्ली. फादरांची प्रवचनं कोरडी असतात, त्याचा परिणाम.

१८ मार्च, मंगळवार

चर्चच्या मागे एल्डनच्या गाडीपाशी गसी आणि एल्डन काहीतरी कुजबुजत होते. मला पाहताच गप्प. एल्डन टायर तपासायला लागला. टायर नवे आहेत. मला सगळं समजतं. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत निळ्याचा ठराव येणार. येऊ दे. मी मेल्याशिवाय त्या वेदीवर निळं चढणार नाही.

दारापाशी जाऊन कागद पाहिला. बारा नावं! अकरावं गसीचं, आपल्या हातानं लिहिलेलं, आणि बारावं एल्डनचं. गुडघ्यांची तक्रार करत सबंध हिवाळा काढला या बाईनं, आणि आता एल्डन लिबीचे पाय धुवायला फरशीवर बसणार. निळ्यासाठी माणूस काय काय करतो!

फादर मागून आले. “मिस पेटेंगिल, तुमचं नाव नाही दिसलं.”

“मी पाणी तापवणार आहे,” मी म्हटलं. “प्रभूच्या वेळीही कुणीतरी तापवलंच असेल. त्याचं नाव कुठे आलंय?”

ते कागदाची टाचणी सरळ करायला लागले. धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात टपाल कचेरीचा एक तास ठेवायला हवा.

२३ मार्च, झावळ्यांचा रविवार

फादरांनी मिरवणूक बाहेरून काढली. ओला बर्फ, समोरून समुद्राचा वारा, आणि हातात झावळ्या. यरुशलेमेत असं हवामान असतं तर कुणी ‘होसान्ना’चा जयजयकार करायला घराबाहेर पडलं नसतं. मी मागे पडले. बर्फ होता म्हणून. गसी, जी एरवी झेंड्याच्या बरोबरीनं चालते, तीसुद्धा मागे पडली आणि माझ्यामागून दहा पावलांवर चालत राहिली. हेरगिरी, दुसरं काय.

घरी आल्यावर उजव्या बुटात ओल सापडली. बर्फ आत गेला असावा. मोजा तांबूस झालाय. रस्त्यावर ती मीठ-रेती टाकतात, तिचा रंग.

पट्टी बदलली. नीट पाहिलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी आपला तळपाय बघणं म्हणजे सर्कसच. दुखत नाही, हे महत्त्वाचं.

२६ मार्च, बुधवार

उद्याची तयारी. बारा टॉवेल धुऊन, इस्त्री करून ठेवले. दोन सुरया, एक मोठं तसराळं. फादरना पाणी ‘कोमट’ हवंय. कोमट म्हणजे किती? बिशपना विचारायचं का?

कळलं की मंडळींपैकी सात जण उद्या दुपारीच घरी पाय धुणार आहेत, साबणानं, दगडानं घासून. मिसेस अँबलरनी नखं रंगवली आहेत. प्रभूच्या शिष्यांचे पाय धुळीनं माखले होते म्हणून धुवावे लागले, ही गोष्ट यांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नाही.

थोडी कणकण वाटतेय. लवकर झोपते.

२९ मार्च, शनिवार. इस्पितळ

परवाचं आज लिहितेय. अक्षर वाचता आलं नाही तर बरंच.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. अकरा माणसं खुर्च्यांवर, अनवाणी, चेहरे दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. बारावी खुर्ची रिकामी. एल्डन आला तो काठी टेकत. अंगठ्याच्या सांध्याला गाउटची सूज आली म्हणे, सकाळपासून. शेवंडं लोण्यात बुडवून खाल्ली की दुसरं काय होणार. तो मागच्या बाकावर बसून कण्हायला लागला.

फादरांनी पहिलीचे पाय धुतले, पहिलीनं दुसऱ्याचे. गायक हळू आवाजात गात होते. मी बाजूला सुरई घेऊन उभी. पाणी आपलं काम करत होतं, लोकही. गावच्या थोरल्या डॉक्टरांनी शाळेतल्या सफाईवाल्याचे पाय धुतले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला होता. मला ते आवडलं. कुणाला सांगणार नाही.

दहाव्यानं गसीचे धुतले. मग गसी उठली, टॉवेल कमरेला खोचला, तसराळं ओढलं आणि रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली.

आणि बसूनच राहिली.

“मिसेस थर्लो,” फादर हलकेच म्हणाले, “बारावं कुणी नाही. आपण इथंच थांबू या.”

“मी थांबलेय,” गसी म्हणाली. माझ्याकडे न बघता. पण बघत होते बाकीचे सगळे, मी हातात सुरई घेतलेली एकटीच बाई उभी होते ना.

मी नकारार्थी मान हलवली. गायकांचं गाणं संपलं. त्यांनी तेच पुन्हा सुरू केलं. गसीचे गुडघे सत्तर वर्षांचे आहेत, आणि फरशी दगडाची. तिचे खांदे कापायला लागले होते. हट्टासाठी ती पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे आणखी दोन महिने, तिथे बसली असती, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे. मी सुरई फादरच्या हातात दिली आणि जाऊन बसले. एवढ्यासाठी, की तिला उठता यावं. दुसरं काही नाही.

डावा बूट काढला. मोजा काढला. ती पाय धुवायला लागली. तिचे हात कोरडे, खरखरीत, आणि नेमके. चाळीस वर्षं गावची परिचारिका होती, निम्म्या गावाला तिनं आईच्या पोटातून बाहेर काढलंय. पाय पुसून खाली ठेवला.

“झालं,” मी म्हटलं.

“दुसरा.”

“एकच पुरे. प्रतीकात्मक आहे.”

“दुसरा, सिला.”

सिला मला जगात एकच माणूस म्हणतं. सहा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. बूट काढला मी. मोजा निघेना, चिकटला होता. तिनं त्यावर कोमट पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, आणि हळूहळू सोडवला. तेव्हा तो वास आला. खोलीतला, घरातला, कोटातला. समोर बसलेल्या मिसेस अँबलरनी तोंड फिरवलं.

गसीनं तोंड फिरवलं नाही. तिनं पाय हातात धरून उलटा केला आणि दिव्याकडे नेला.

“कधीपासून?”

“बूट चावलाय. दुखतसुद्धा नाही.”

“दुखत नाही म्हणून तर!” एवढं बोलून तिचा आवाज फुटला. मग तिनं माझा इस्त्री केलेला टॉवेल पायाभोवती गुंडाळला आणि फादरना म्हणाली, “तुम्ही उपासना चालू ठेवा. एल्डन, गाडी काढ.”

एल्डन पळत गेला.

काल सकाळी, गुड फ्रायडेला, उजव्या पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. कदाचित मीही नाही. साखर अशीच खाते म्हणे, आवाज न करता. मला भीती वाटली. लिहून ठेवते, कारण हे कुणाला सांगणार नाही. खूप भीती वाटली.

३० मार्च, ईस्टर

सकाळी फादर प्रसाद घेऊन आले. ‘हालेलुया’ म्हणायला चाळीस दिवसांनी परवानगी मिळाली, तर त्यांनी इस्पितळाच्या दालनात इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या बाईनं घंटी वाजवली.

त्यांच्यानंतर एल्डन आला. दोन्ही पायांवर खणखणीत, जिने चढून. काठी नाही. गाउट गेला म्हणे, गुरुवारीच गेला, गाडीत बसता बसता. गाउट असा जात नाही, माझ्या बापाला होता. पण ईस्टर आहे, चमत्काराचे दिवस. मी खोदून विचारलं नाही. तोही फार वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

दुपारी गसी. ईस्टरची वेदी तिनं सजवली, माझ्या किल्ल्या घेऊन. पांढरं वस्त्र, पांढरी लिली. पांढऱ्यावर आमचं एकमत आहे.

“प्याले कुठल्या फडक्यानं पुसलेस?” मी विचारलं.

“तुझ्या परकरानं,” ती म्हणाली.

मग खुर्ची ओढून बसली, पट्टीवरून नजर फिरवली, तापाचा तक्ता वाचला, आणि नर्सला दोन चुका दाखवल्या. मी म्हटलं, “खोलीतला तो वास, मी एल्डनला कपाट हलवायला लावलं.”

“माहीत आहे. त्यानंच सांगितलं मला.”

तिनं पांघरुणाची कड खोचली, मी ती पुन्हा सैल केली. सहा वर्षांची सवय, एकदम कशी जाणार? मग मी विचारलं, जे विचारायला मला सहा वर्षं आणि दोन बोटं लागली.

“ते निळं कापड कुठून आणलं होतंस गं?”

ती खिडकीकडे बघत राहिली. “वॉरनच्या सुटासाठी घेतलं होतं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती ना, नोव्हेंबरात. शिंप्याकडे टाकायचं राहून गेलं.”

आणि मी त्यावर कॉफीची किटली ठेवली होती. गळती किटली, वाटीही न ठेवता.

“गसी, मला माहीत नव्हतं.”

“तू विचारलं नाहीस.”

“माझं चुकलं,” मी म्हटलं. एकतीस वर्षं त्या वेदीपाशी दर रविवारी सामुदायिक पापकबुली म्हटली मी, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून. एकटीनं पहिल्यांदाच म्हटली. रडू आलं.

“रडू नकोस,” गसी म्हणाली. “उशी ओली होईल, आणि इथे बदलायला कुणाला वेळ नाही.” तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

जाताना तिनं पिशवीतून एक पुडी काढून पांघरुणावर ठेवली. आत लोकरीचा मोजा. एकच. ढगळ, पट्टीवरून चढेल असा. दोन दिवस या दालनाबाहेरच्या बाकावर बसून विणत होती, नर्सनं नंतर सांगितलं.

निळा. गडद निळा. आगमनकाळाचा.

मुद्दाम आहे, हे मला कळतं. तो रंग चुकीचा आहे. आगमनकाळाला जांभळंच असतं, माझ्या आईच्या वेळी होतं, तिच्या आईच्या वेळी होतं, आणि हे मी तिला डिसेंबरात पुन्हा सांगणार आहे.

मोजा घातला. पाय गरम झालाय.